बिबड्यांची वेबसाइट आणि माझा झाडू

स्टुटगार्ट, रविवार

प्रिय दादा,


आईला आधी सांग, यांची नोकरी गेलेली नाही आणि मी लोकांची धुणीभांडी करत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या हातात झाडू दिसला, मागे जिना दिसला, आणि तिनं फोन ठेवून देवापुढे निरांजन लावलं, हे मला वहिनींकडून कळलं. इथे केरवोखे नावाचा प्रकार आहे. एक पाटी पाळीपाळीनं एकेका दाराला लटकते. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. मग तो डॉक्टर असो की प्रोफेसर. तळमजल्यावरच्या आजी नंतर कठड्यावरून बोट फिरवून बघतात. आत्याच्या खालोखाल एवढी बारीक नजर मी कोणाची पाहिलेली नाही. (हे आत्याला वाचून दाखवू नको.)

बिबड्यांचं पार्सल मिळालं. कसं मिळालं ते ऐक. परदेशातून घरच्या माणसानं पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंतची असली तर इथे कर लागत नाही. ४५ युरो म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये. आणि तू फॉर्मवर किंमत लिहिलीस सहा हजार! वहिनी म्हणतात, 'माल हलका वाटायला नको' म्हणून लिहिलीस. दादा, तो फॉर्म आहे, अहेराची यादी नाही. मला कस्टम्सच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथला माणूस फार सभ्य होता. आपली पापडासारखी बिबडी हातात घेऊन त्यानं उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाला, या मालाचं बिल दाखवा, नाहीतर विकणाऱ्याची वेबसाइट दाखवा, भाव तपासतो. माझ्याकडे काय होतं? तुझा व्हॉट्सअॅप मेसेज: 'तुझ्यासाठी कसला भाव.' याचं मी जर्मन भाषांतर करून दिलं, तर त्याला वाटलं मी लाच देतेय. शेवटी कर भरला. आपल्या गच्चीवर वाळलेल्या बिबड्यांवर कर!

हे फोनवर सांगितलं ते हसण्यासाठी. तू त्याच रात्री 'आता वेबसाइट काढतोच' म्हणून बसशील हे ध्यानात यायला हवं होतं, कारण मोसंबीचा मळाही तू असाच एका रात्रीत लावला होतास.

आता वेबसाइटसाठी तू केलेल्या यादीकडे येते. तुझ्या ओळखीचा पोरगा ९,९९९ रुपयांत 'लाइफटाइम वेबसाइट' देतोय. उघडली की देवळातली घंटा वाजणार, वरती चार फोटो सरकत राहणार, खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा, आणि मधोमध हार घातलेले आजोबा. दादा, परका माणूस पापड घ्यायला आला आणि समोर हार घातलेला फोटो दिसला तर तो आधी चप्पल काढेल आणि मग परत जाईल. आजोबा राहू देत, पण 'आमच्याविषयी'च्या पानावर, आणि तो लुनावरचा हसरा फोटो लाव.

'लाइफटाइम' हा शब्द मात्र खोडून टाक. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कायमचं विकत मिळतच नाही. वर्षाच्या भाड्यानं मिळतं, एका वेळी फार तर दहा वर्षांचं. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षी खरा भाव लावतात, म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा आकडा विचारायचा. आणि ते डोमेन कोणाच्या नावावर घेतोय हे त्या पोराला स्पष्ट विचार. बहुतेक वेळा पोरं आपल्याच ई-मेलवर घेऊन टाकतात. मग उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, फोन बदलला, की दुकान तुझं आणि सातबारा त्याच्या नावावर. तू स्वतः, स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्या कार्डानं घे. डॉट कॉम घेतलंस तर ई-मेल पडताळणीचा निरोप येतो. पंधरा दिवसांत त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली नाहीस तर साइट बंद पडते. तुझ्या इनबॉक्समध्ये २०१९ पासूनची न उघडलेली पत्रं आहेत हे मला माहीत आहे, म्हणून सांगते.

दुसरी गोष्ट जागेची. ती साइट कुठल्यातरी कॉम्प्युटरवर चोवीस तास ठेवावी लागते, त्याचं भाडं वेगळं. त्याला होस्टिंग म्हणतात. पानं मांडायला वर्डप्रेस आहे, २००३ पासून फुकट आहे, तेव्हा 'सॉफ्टवेअरचे' म्हणून वेगळे पैसे मागितले तर डोळे मोठे कर. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं त्याचं प्रमाणपत्रही आता फुकट मिळतं. तेवढं हवंच, नाहीतर ब्राउझर गिऱ्हाइकाला 'ही जागा सुरक्षित नाही' म्हणून दारातच अडवतो.

थांब, कुकरची शिट्टी झाली.

हं. आई विचारत होती, नाव मराठीत ठेवता येतं का. येतं. देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं. पण मुंबईतला माणूस इंग्रजी अक्षरंच दाबणार, म्हणून दोन्ही घे. इंग्रजीत बिबडी कशी लिहायची यावर घरात मतदान घेऊ नका. फोनवर एकदा सांगून समोरच्यानं बरोबर टाइप केलं, तेच स्पेलिंग. चाचणी आत्यावर करा.

आणि नावात जळगाव घालण्यावरून अक्का चिडली आहे, तिचा धुळ्याहून फोन आला होता. म्हणाली, "मंग आमनं धुळं कोठे शे?" मिरची तिच्याकडून येते, दळण तिच्या ओळखीच्या गिरणीतून, मग नाव एकट्या जळगावचं का? १९०६ साली इंग्रजांनी पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश वेगळे केले, ते अक्कानं अजून मनावर घेतलेलं आहे. नुसतं खान्देश ठेव आणि सुटका करून घे. नंदुरबारच्या मावशीही गप्प बसतील. आणि 'जीआय मानांकित' हे बिबड्यांवर छापू नको. जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला ते २०१६ मध्ये मिळालं, खरं आहे. तेही नोंद झालेल्या उत्पादकानंच वापरायचं असतं. बिबडीला ते नाही, मग ती कितीही वहिनींच्या हातची असो.

आता माझं दुःख ऐक. तुला ठाऊक आहे, मी साडीचे ब्लाउज शिवून देते. त्याची इथे छोटी साइट केली. इथला कायदा असा की धंद्याच्या साइटवर इम्प्रेसुम नावाचं पान हवं. त्यात पूर्ण नाव, घराचा पत्ता, ई-मेल, चटकन संपर्क होईल अशी सोय. पोस्टाची पेटी चालत नाही, खरा पत्ता. पान लपवून ठेवलं तरी चूक, आणि नसलं तर दंड पन्नास हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. पन्नास हजार! एवढ्यात आपल्या गल्लीतल्या सगळ्या लग्नांचे मांडव पडतील. मी भीतभीत पत्ता टाकला, त्यातही 'तिसरा मजला, डावीकडचं दार'. आता बायका फोन न करता थेट दारात येतात, आणि एक बाई तर मी फडकं पिळत असताना जिन्यातच उभी राहून बाहीचं माप देऊन गेली. तळमजल्याच्या आजींनी ते बघितलं. जिन्यात धंदा करता येतो का, याचाही नियम त्या शोधतायत.

एवढ्यावर भागत नाही. जो कोणी साइटवर येईल त्याची कुठली माहिती कुठे जाते, याचं आणखी एक लांबलचक पान लागतं. म्युनिकच्या कोर्टानं २०२२ मध्ये एका साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली. गुन्हा काय? अक्षरांचा फॉन्ट गूगलकडून थेट मागवला, त्यामुळे पाहुण्याचा आयपी पत्ता न विचारता अमेरिकेला गेला. वळणदार अक्षर काढलं म्हणून आपल्याला शाळेत बक्षीस मिळायचं, आठवतं?

तू हसू नकोस. तिकडेही तेच आहे. ई-कॉमर्सचे नियम २०२० मध्ये आले. कायदेशीर नाव, पत्ता, परत घेण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल. या पदावर आईला नेमू नको. 'बिबडी तुटकी आली' म्हटलं तर ती गिऱ्हाइकाला 'तुम्ही डबा उघडला कसा' असं विचारेल. वहिनींना नेम. खाण्याचा माल आहे, म्हणून आधी अन्न परवान्याची नोंदणी, तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर. निव्वळ वजन, भाव, बांधल्याची तारीख, शाकाहारी हिरवा ठिपका, हेही. जीएसटीचं सीएला विचार, मेहुण्याला विचारू नको. पैसे घ्यायची सोय देणारी कंपनी तुझी साइट उघडून बघते. अटींची पानं कोरी दिसली तर खातंच मंजूर करत नाही. आणि नुसता क्यूआर लावणार असशील तर पैसे भरल्याचा फोटो दाखवला म्हणून पार्सल सोडू नको. बँकेत जमा दिसले की मगच.

खरं सांगू? यातलं काही सुरू व्हायच्या आधी गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद कर, ती फुकट आहे. वेळ, फोन, चार खरे फोटो. सध्या आपला पत्ता 'मारुतीच्या पाराच्या मागे, विचारा कोणालाही' असा आहे. नाशिकचा माणूस कोणाला विचारेल? साइटवरही त्याला एवढंच हवं असतं: काय आहे, केवढ्याला, माझ्या पिनकोडला किती दिवसांत, आणि फुटलं तर काय. हे चार कागदावर लिहून काढ. ते लिहिता आलं नाही तर घंटेवर पैसे घालवू नको.

फोटो मात्र तू पाठवलेला तोच ठेव, गच्चीवरचा. जुन्या धोतरावर ओल्या बिबड्या थापलेल्या आहेत, तीळ दिसतायत, कोपऱ्यात दगड ठेवलाय, आणि पलीकडे आईचा पाय अर्धा आलाय, जोडवं दिसतंय. पोरानं तो कापायचा म्हटलं तर कापू देऊ नको. मी तो मोठा करून करून बघते. एप्रिलच्या उन्हात मला कावळे हाकायला बसवायचे, आणि तू कैरी दाखवून खाली बोलवायचास. इथे ऊन पडलं की लोक बाकावर बसून तोंड वर करून घेतात. परवा मीही बसले. वाळवण घालायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच बसले. यांनी विचारलं काय झालं, म्हटलं डोळ्यात ऊन गेलं.

वांग्याचं तर विचारूच नको. इथे एक वांगं, काळंकुट्ट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, दीड युरोला. दीडशे रुपयांना एक! आणि भाजायचं कशावर? कपाशीच्या काड्या कुठून आणू? ओव्हनमध्ये ठेवलं तर शिजतं, भाजत नाही. ठेचायला बसले तर रविवारी आवाज करायचा नसतो. शेवटी शनिवारी दुपारी, दार-खिडक्या लावून, लसूण-मिरची ठेचून भरीत केलं. चिकूनं विचारलं, "आई, हे मामाकडचं का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. पण पोरगं दोन भाकरी खाऊन उठलं.

बाकी, मामांच्या केळीच्या बागेचं ऐकून वाईट वाटलं. वादळ दरवर्षी नेमकं घड भरल्यावरच कसं येतं? पंचनामा झाला का ते कळव. पिंट्याच्या लग्नात चायनीजचा काउंटर होता आणि भरीत-पुरी नव्हती, यावर आत्यांनी मला अठरा मिनिटांचा ऑडिओ पाठवलाय. मी पूर्ण ऐकला. मला त्यांचं पटलं. चिंगीला सांग, बारावीनंतर फोटोग्राफीच शिकायची असेल तर आधी वहिनींच्या पापडांचे फोटो काढ, पगार देऊ. आणि तुझा गुडघा दाखवलास का? विषय बदलू नको.

पुढचं पार्सल पाठवशील तेव्हा खरी किंमत लिही, आणि सोबत बिलही टाक. बिबड्या मधे पुठ्ठा घालून बांध. या वेळचा भुगा आम्ही दह्यात कालवून खाल्ला, तोही संपला.

आईला आणि आत्यांना नमस्कार. वहिनींना सांग, मी इथे तळायला बसले आणि खिडकी उघडली की समोरचे आपली बंद करतात.

तुझी,
माई

ता. क. डोमेन घेताना ओटीपी येईल. तो कोणालाही सांगायचा नाही. पोराला नाही, पिंट्याला नाही. माझ्या नावानं फोन आला तरी नाही. आधी विचार, आपल्या तांबड्या म्हशीनं कोणाची वही खाल्ली होती. उत्तर 'दादाची' आलं तर फोन ठेव. वही माझी होती, आणि गणित त्यात बरोबर होतं.