गेली!

मधुकाकांच्या हाती गिटार पडली की ते कॉर्ड धरत नाहीत, सूर लावत नाहीत, कुठली, केवढ्याला म्हणून विचारतही नाहीत. अंगठ्यानं सगळ्यात जाड तार एकदाच छेडतात, डोळे मिटतात, मान डावीकडे कलती करतात आणि आवाज पुरता विरल्यावर जाहीर करतात, “गेली!”

मग जबाब सुरू होतो. “कधी टाकल्या होत्या?” तारीख आठवत नसेल तर मालकाची काही खैर नाही. “वाजवायच्या आधी हात धुता? वाजवून झाल्यावर पुसता? वरून पुसता, खालून कोण पुसणार?” आमच्या धाकटीनं एकदा सांगितलं की वाढदिवसाला टाकल्यात. काकांनी विचारलं, “कुठल्या वाढदिवसाला?”

काका तारखात्यातून निवृत्त झाले, याला मी योगायोग मानत नाही. तार आली म्हटल्यावर बायका आधी रडायला लागत आणि मग ती फोडत, त्या काळात ज्यानं नोकरी धरली त्याच्या जिभेवर हा शब्द बसायचाच. सरकारनं 2013च्या जुलैत तारसेवाच बंद केली. काकांनी बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि पुन्हा तेच म्हणाले.

आमच्या भाच्याच्या साखरपुड्यात हौसेनं गिटार ठेवली होती. नवरा मुलगा मुलीसमोर बसून, एक डोळा कॉर्डवर आणि एक तिच्यावर ठेवून, जमेल तसं वाजवत होता. पहिला अंतरा संपला, टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “गेली!” मुलीची आजी कडेच्या खुर्चीत मान टाकून झोपली होती. दोन बायका किंचाळल्या, कोणीतरी पाणी आणायला धावलं, एका मामांनी पंखा वाढवला. या गडबडीनं आजी जागी झाली आणि तिनं विचारलं, “अगंबाई, कोण गेली?” काका शांतपणे म्हणाले, “पाचवी. सहावी पण फार दिवस काढायची नाही.”

माणूस बोलतो ते खोटं नसतं, हीच खरी अडचण आहे. जाड तारेच्या पोटात पोलादाची गाभ्याची तार असते आणि तिच्यावर ब्रॉन्झची बारीक तार वेढे देऊन गुंडाळलेली. त्या वेढ्यांच्या खाचांत घाम, तेल, बोटांची मेलेली कातडी जाऊन बसते. तार जड होते, गंजते, आणि वरचे बारीक स्वर आधी मरतात. खणखण जाते, भद्दपणा उरतो. सूर लावला तरी वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते. पातळ तारा नुसत्या पोलादाच्या, त्या पावसाळ्यात थेट गंजतात. कोकणात समुद्राकाठी गिटार असेल तर विचारूच नका. सगळ्यांच्या घामाचा परिणामही सारखा नसतो. काही लोकांच्या बोटाखाली नवी तार महिनोन्महिने चमकते, काहींच्या बोटांनी आठवड्यात काळी पडते. म्हणून काका कोणाशीही हस्तांदोलन केलं की आपला तळवा बघतात आणि मगच नमस्कार म्हणतात. आमच्या सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीशी ओळख करून दिली, तर हात सोडता सोडता त्याला म्हणाले, “तुम्ही कोटेडच घ्या.” त्या बिचाऱ्याला वाटलं, रंगकामाच्या टेंडरबद्दल बोलताहेत.

कोटेडचं प्रकरण काकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवीन. रेनकोटाचं कापड करणारी गोर नावाची अमेरिकन कंपनी. तिनं 1990च्या दशकात एलिक्सर नावाच्या तारा काढल्या. तारेवर इतका पातळ थर की घाणीला खाचेत शिरायला जागाच नाही. थर ज्या जातीच्या पदार्थाचा, तोच न चिकटणाऱ्या तव्यावरही असतो. टिकतात साध्या तारांच्या कितीतरी पट, किंमतही तशीच. काकांनी हे कौतुकानं घरी सांगितलं, तर काकू म्हणाल्या, “म्हणजे माझा तवा खरवडला तेव्हा ‘आता नवा कशाला’ म्हणालात, आणि तारेला मात्र पैसे आहेत!”

काकूंचा राग जुना आहे. बेस गिटारवाले पैसे वाचवायला जुन्या तारा पाण्यात उकळतात. खाचांतला मळ सुटतो आणि चार दिवस तरी तार पुन्हा बोलायला लागते. काकांना हे कळलं त्या दिवशी काकू भजनाला गेल्या होत्या. घरातलं सगळ्यात रुंद पातेलं चहाचं. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी पातेलं हुंगलं. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्या पाहुण्यांसमोरच म्हणाल्या, “चहा गेला.”

मुंबईला धोबीतलावावरच्या वाद्यांच्या दुकानात काकांबरोबर गेलो, तो माझा दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही, दुकानदाराचा गेला. नागपूरच्या पुतण्यासाठी एक सेट घ्यायचा होता, एवढंच काम. काऊंटरवरच्या पोरानं अदबीनं विचारलं, “काका, कुठला देऊ? एटी-ट्वेंटी की फॉस्फर?” काकांनी एटी-ट्वेंटी ब्रॉन्झचं पाकीट हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के जस्त. याला ब्रॉन्झ कोण म्हणतं? हे तर पितळ!” पोरगं म्हणालं, छापलंय तसंच आहे. काका माझ्याकडे वळले, “बघितलंस? पितळ उघडं पडलं की माणूस छापील कागद दाखवतो.”

पितळ म्हणजे वाईट, असं मात्र काकांचं मुळीच म्हणणं नाही. ते मूळचे मिरजेचे. सतारमेकर गल्लीत भोपळ्यांच्या राशींमधून शाळेत गेलेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा काकांनी आम्हाला पेढे दिले होते, जणू अर्ज यांनीच केला होता. “तंबोऱ्यात खर्जाची तार पितळेची असते. जोड पोलादाची. पितळेला गोलाई आहे रे. पण गिटारीवर पितळ सुरुवातीला नुसतं किणकिणतं आणि लवकर मावळतं. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये जस्ताच्या जागी कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. डॅडारिओंनी 1974 साली आणलं. आवाज उबदार, आणि टिकतंही जास्त.” मागे पाच गिऱ्हाइकं उभी. एकाला फक्त बासरी हवी होती.

मग जाडीचा विषय निघाला. दहाचा सेट, अकराचा की बाराचा? इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले बारा, एवढी त्यातली सगळ्यात पातळ तार. जाड तारेला आवाज मोठा आणि आयुष्यही जरा अधिक. बोटांना मात्र शिक्षा. “बाराच्या सेटचा सगळा मिळून ताण 70 किलोंच्या आसपास जातो,” काका पोराला सांगत होते. “माझं वजन अडुसष्ट. म्हणजे त्या लाकडावर रात्रंदिवस मी लटकलोय असं समज.” पोरानं लाकडाची कीव आल्यासारखं पाहिलं. शेवटी काकांनी पुतण्याला फोन लावला, स्पीकरवर. “अरे, हाताला घाम येतो का तुझ्या? … नागपुरात मे महिन्यात सगळ्यांनाच येतो, ते नको सांगू. तुला किती येतो?” पुतण्या ऑफिसात मीटिंगला बसला होता, हे सगळ्या दुकानानं ऐकलं. तासाभरानं काकांनी काय घेतलं असेल? तारा पुसायचं फडकं. तारा नाहीत, कारण हात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तार देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

त्यांना एकदा तरी गप्प करावं म्हणून मी बरीच तयारी केली होती. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा बेस वाजवणारा होता. 1960च्या दशकातली त्या कंपनीची असंख्य गाजलेली गाणी त्याच्या बोटांवर उभी आहेत. तार तुटल्याशिवाय हा गृहस्थ ती बदलत नसे, असं सांगतात. जुनी, मळकी, सपाट वेढ्यांची तार, आणि तिच्यातून तो आवाज. हे सगळं मी विजयी मुद्रेनं काकांपुढे मांडलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याच्याकडे बोटं होती. तुझ्याकडे काय आहे?”

काकांची खरी कला वेगळीच आहे. ते जुनी तार वाचतात. काढलेली तार पालथी करून खिडकीच्या उजेडात धरतात. फ्रेटवर दाबून दाबून तारेच्या पोटाला बारीक खळगे पडतात. जिथे बोट जास्त गेलं तिथे खळगा खोल, तिथेच तार काळी. फ्रेटला काका मिरजेच्या सवयीनं पडदा म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक तरुण स्वतःला लीड गिटारिस्ट म्हणवून घ्यायचा. गच्चीवर कोजागिरीला त्याच्या भोवती मुलींचं कोंडाळं. तार तुटली, काकांना बोलावलं. काकांनी तुटका तुकडा मोबाईलच्या टॉर्चखाली निरखला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “तिसऱ्या पडद्याच्या पुढे तार कोरी करकरीत आहे. जी, सी, डी. बाळा, हा लीड तू कुठे वाजवतोस?” कोंडाळं मसाला दुधाच्या पातेल्याकडे सरकलं. त्या मुलाचं पुढे लग्न ठरवून करावं लागलं.

आणि हे सगळं करणारा माणूस स्वतः काय वाजवतो? काही नाही. तारा चढवतो, प्रत्येकीला खुंटीवर नेमके वेढे देतो, हातानं ताणून ताणून बसवतो, सूर लावतो. मग ई मेजरचा एकच झंकार. पुन्हा मान डावीकडे. समाधान झालं की फडकं फिरवून गिटार मालकाच्या हवाली. मी एकदा न राहवून विचारलंच. “शिकायचं राहिलं,” म्हणाले, आणि लगेच माझ्या नखांकडे बघून, नखं वाढलेली असली तर तार दाबताना काय होतं यावर घसरले.

एवढं वाचून कोणाला वाटेल की या माणसाला दारात उभं करू नये. मीही बरीच वर्षं याच मताचा होतो आणि अजूनही आठवड्यातले पाच दिवस असतो. पण आमच्या भागात दर नोव्हेंबरच्या अखेरीला काकांना जी बोलावणी येतात, त्यांतल्या एकाला मी सोबत गेलो होतो. बोलावणी सगळी एकाच जातीची. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत. डिसेंबरात यायची आहेत. कपाटावर गिटार आहे, दहावीच्या सुट्टीत घेतलेली, बारावीला वर टाकलेली. “तेवढ्या तारा बदलून द्याल का? आला की वाजवेल.”

त्या घरच्या काकूंनी स्टुलावर चढून गिटार खाली काढली. खोळ होती जुन्या चादरीची, नाडी घातलेली. काकांनी गिटार मांडीवर घेतली, पण अंगठा लावला नाही. सरळ खुंट्या सैल करायला घेतल्या. शेवटी काकूंनीच भीत भीत विचारलं, “गेल्यात का हो?”

“सहाच्या सहा. पण हे बघा.” काकांनी काढलेली एक जाड तार पालथी केली, खिडकीशी नेली. न वाजवता पडून राहिलेली तार सगळीकडून सारखी गंजते. हिला गंज तसाच होता. पण पहिल्या फ्रेटच्या जागी खळगा, बाकी कुठल्याही जागेपेक्षा खोल. दुसरी तार, तिथेच. तिसरी, तिथेच. सहाही तारांना एकाच जागी. “एफ कॉर्ड,” काका म्हणाले. “पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. निम्मी पोरं इथेच गिटार सोडतात. तुमच्या मुलानं सोडलेला नाही. महिनेच्या महिने धरलाय.”

काकूंनी चष्मा आणला. तार बोटावर फिरवून ते खळगे चाचपून पाहिले. “रात्री तेच तेच वाजवायचा,” म्हणाल्या. “मी ओरडायचे, दुसरं काही येत नाही का तुला म्हणून.”

काका काही बोलले नाहीत. पिशवीतून त्यांनी सेट काढला तो दहाचा, कोटेड. बाराचा का नाही, हे मी जिन्यात विचारलं. आजवर त्यांनी मला दहाच्या तारांबद्दल फक्त तुच्छतेनं सांगितलं होतं. म्हणाले, “इतकी वर्षं कीबोर्डवर काम करतोय पोरगा. बोटांचे घट्टे गेले असतील. बारानं पहिल्याच दिवशी बोटं सोलतील आणि ठेवून देईल.” पैसे त्यांनी पाकिटावरच्या किमतीप्रमाणे घेतले, सुट्टे परत दिले. मजुरी घेत नाहीत.

मुलगा आला, जेटलॅगमध्ये तीन दिवस झोपला, दोन लग्नं आणि एक दातांचं काम उरकून गेला. गिटार कपाटावरून खाली आली होती की नाही, मला माहीत नाही. पुढच्या नोव्हेंबरात काकूंचा फोन पुन्हा आला. काका पुन्हा गेले. तारा कोऱ्याच होत्या. त्यांनी नुसत्या पुसल्या, सूर लावला आणि बदलायची गरज नाही असं सांगून परत आले.

तर रोज वाजवत असाल तर साध्या फॉस्फर ब्रॉन्झच्या तारा घ्या, अकरा किंवा बाराच्या, वाजवून झालं की पुसा आणि आवाज भद्द झाला की रडत न बसता बदला. गिटार कपाटावर असेल तर जास्त पैसे मोजून कोटेड घ्या, दहाच्या. दोन-तीन पावसाळे निघतात. आणि मधुकाकांना बोलवायचं असेल तर शनिवारी बोलवा. नोव्हेंबर-डिसेंबरचे त्यांचे रविवार आधीच लागलेले असतात.