परत येणार याचा पुरावा

लंडनवाल्यांना आमच्याबद्दल एकच शंका होती. ही दोघं एकदा इकडे आली की परत जातील ना? मुलगी एडिंबरोला, तिच्याकडे उन्हाळाभर राहून यायचं एवढाच आमचा बेत. पण व्हिसाच्या अर्जात पेन्शन किती, महिन्याचा खर्च किती, घर कोणाच्या नावावर, आजवर कुठेकुठे गेलात, हे सगळं खोदून खोदून विचारतात. सहा महिन्यांपर्यंत राहा म्हणतात, फक्त जाणार आहात याची खात्री आधी पटवा. मला ही पद्धत भलतीच आवडली. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्या मंडळींकडून असा अर्ज भरून घेतला असता, तर माझी निम्मी ताकद शिल्लक राहिली असती.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पुरावा मागितला की यांना तरतरी येते. पेन्शनचे कागद, घरटॅक्सची पावती, बँकेचा उतारा हे तर झालंच, शिवाय काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतल्या आपल्या हिश्शाचा सातबाराही त्यांनी जोडला. त्यावर एक टिपण लिहिलं. संत्र्याला दोन बहार असतात, पैकी आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आणि फळं ऑक्टोबरपासून पुढे तोडणीला येतात, सबब अर्जदारास दिवाळीच्या आत परत येणे क्रमप्राप्त आहे. याचं इंग्रजी करायला त्यांना एक अख्खी दुपार लागली. 

“अहो, त्या गोऱ्या साहेबाला आंबिया बहार काय कळणार?”

“वाचल्यावर कळेल. मलाही वाचूनच कळलं होतं.”

व्हिसा आला. तेव्हापासून घरात कोणीही विषय काढला की हे शांतपणे सांगतात, बहारामुळे मिळाला.

खरं सांगायचं तर त्या साहेबाने शंका भलत्याच गोष्टीची घेतली. आम्ही परत येणार हे आमच्या ओळखीतलं शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न होता आम्ही निघणार का, हा. आणि त्याचा पुरावा आमच्याकडे अगदी शेवटपर्यंत नव्हता.

एक तर मुहूर्त नवतपाचा. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पंचवीस मेच्या सुमारास हे नऊ दिवस लागतात, आणि नागपूरकर त्यांची वाट अशी बघतो, की जणू घरचंच कार्य आहे. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, हा हिशेब लहानपणापासून डोक्यात बसलेला. त्यामुळे ऐन नवतपात गाव सोडून थंड हवेला जाणं म्हणजे लढाईतून पळून गेल्यासारखं वाटतं. शेजारच्या काकूंनी तोंडावर सांगितलं, “जा बाप्पा, तुमचं बरं आहे. आम्ही आहोत इथे तपायला.” यात शुभेच्छा शोधूनही सापडली नाही.

आमच्या गावाला उन्हाचा अभिमान आहे, तो बाहेरच्यांना समजत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होतं, ही तारीख इथे लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की लक्षात असते. पुढे २०२४ च्या मे महिन्यात एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ दाखवले. हवामान खात्याने तपासून सांगितलं, की यंत्र बिघडलंय. आमच्या कॉलनीत अजून दोन तट आहेत. यांच्या मते यंत्र अगदी ठीक होतं, खातं घाबरलं. उलट स्कॉटलंडचा आजवरचा उच्चांक ३४.८, तोही १९ जुलै २०२२ च्या त्या गाजलेल्या लाटेतला. मे महिन्यात आमच्याकडे एवढं असलं तर लोक म्हणतात, आज जरा ढगाळ दिसतं.

तर अशा गावातून, अशा महिन्यात, आम्ही गरम कपडे घ्यायला बर्डीच्या बाजारात गेलो. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, आणि मागणी लोकरीच्या बनियनची. दुकानदाराने आधी आम्हांला बसवलं. मग पाणी दिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “काका, सोबत कोणी आहे का?” सगळा खुलासा झाल्यावर त्याने पोराला माळ्यावर चढवलं. डांबरगोळ्यांच्या वासासकट गठ्ठा खाली आला. यांनी कानटोपी घालून पाहिली. दुकानातल्या कूलरसमोर उभे राहून पाहिली, तरी कपाळावरून ओघळ नाकापर्यंत आला. “बसते,” हे म्हणाले. बसणारच. चिकटलीच होती.

सामानाचं मात्र मी मनावर घेतलं होतं. पोरीसाठी संत्रा बर्फी न्यायची हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. पण ब्रिटनमध्ये बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणायला बंदी, आणि बर्फीत खवा. म्हणजे संत्रं चालेल की नाही हा प्रश्न पुढचा, बर्फी आधीच बाद. तूपही त्याच कारणाने गेलं. सुक्या खोबऱ्याचं तर कारण ऐकून मी थक्क झाले. त्यात तेल फार, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. माझ्या स्वयंपाकघरात सत्तेचाळीस अंशांत ते डब्यात मुकाट बसून असतं, कधी साधा धूर काढला नाही त्याने. पण नियम तो नियम. उरलं काय, तर भिवापुरी मिरचीचं तिखट, गव्हाच्या कुरडया, मूगवड्या, सांडग्या मिरच्या, आणि हिरव्या मिरचीचं लोणचं. हे बॅगेतून गेलं तर जातं, हातातल्या सामानात मिरचीचं लोणचं नेऊ देत नाहीत.

आता वजन. माणशी तीस किलो. घरातला काटा माणसांचा, त्यावर बॅग ठेवली की आकडाच झाकला जातो. बॅग उचलून आपण उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, अशी एक युक्ती आहे, पण त्यात माझं वजन जाहीर होतं. शेवटी यांनी गल्लीतून जाणाऱ्या कबाडीवाल्याला हाक मारली. त्याने आकड्याला बॅग अडकवली, दांडा उचलला आणि सवयीने म्हणाला, “छब्बीस.”

“किती?”

“छब्बीस किलो, काका. बराबर बघून सांगून राहिलो.”

इथे आमच्या संसारातला एक मोठा तात्त्विक वाद उभा राहिला. कबाडीवाला रद्दी मोजताना किलोमागे किती मारतो, याबद्दल प्रत्येक घराचं एक स्वतंत्र संशोधन असतं. यांनी आमचं संशोधन वापरून आकडा दुरुस्त केला. सव्वीस म्हणजे खरे एकतीस-बत्तीस. म्हणून सांडग्या मिरच्या गेल्या, निम्म्या कुरडया गेल्या, लोणच्याची बाटलीही बाहेर निघाली. कबाडीवाला हे सगळं चौकटीत उभा राहून बघत होता. निघताना त्याने विचारलं, “काढलेलं इकायचं आहे का?”

घर बंद करणं हा आणखी एक ग्रंथ आहे, तो मी थोडक्यात आवरते. तुळस काकूंकडे, पेपर बंद, सिलेंडर बंद, फ्रिज रिकामा, किल्ली तीन घरी. कूलरमधलं पाणी काढून टाकी पुसून ठेवायची की नाही यावर यांचं मत रोज बदलत होतं. कामाच्या ताईला पगार चालू ठेवून सुट्टी दिली, तरी ती रुसली. “इतक्या लांब काहून जाऊन राहिल्या, काकू? पोरीलेच बोलवा ना इकडे.” मी म्हटलं, अगं तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, बघायला मजा येईल. तिने क्षणभर विचार केला. “म्हणजे भांडी रात्री दहापर्यंत?” या बाजूने मी विचारच केला नव्हता. यांना तर अंधार पडल्याशिवाय जेवायची सवय नाही.

विमान पहाटेचं, दोहामार्गे. सोनेगावला विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी हे संध्याकाळीच बूट घालून बसले. निरोप द्यायला सगळी गल्ली. त्या गर्दीत यांनी शेवटचं आत जाऊन कूलर तपासला, नळ तपासले, बाहेर येऊन कुलूप ओढून पाहिलं, आणि मग किल्ली मागून घेऊन पुन्हा आत गेले. टॅक्सीवाला म्हणाला, “काका, तुम्ही नक्की जाऊन राहिले ना?”

काउंटरवर बॅगा चढवल्या. पट्ट्याखालचा आकडा आधी डळमळला, मग स्थिर झाला. काढाकाढीनंतरची पहिली बॅग बावीस किलो, दुसरीही तेवढीच. म्हणजे कबाडीवाल्याचा काटा अगदी चोख होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिलेल्या कुरडया आल्या, यांच्या पुढे बहुधा वर्षानुवर्षांची रद्दी.

पासपोर्टवर शिक्का पडला, मग तपासणीची रांग. यांचा ट्रे पुढे गेला आणि थांबला. तरुण जवानाने पाकीट, रुमाल, चष्म्याचं घर बाजूला केलं आणि एक कांदा वर उचलला. मे महिन्यात घराबाहेर पडताना हे खिशात कांदा ठेवतात, ऊन लागत नाही म्हणून. गेली कित्येक वर्षं ठेवतात. पहाटे तीन वाजताही ठेवतात.

“ये क्या है, अंकल?”

“कांदा. प्याज. लू के लिए.”

“आप जा कहाँ रहे हो?”

“स्कॉटलंड.”

जवानाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“अंकल, वहाँ लू कहाँ चलती है?”

“वहाँ नहीं,” हे म्हणाले, “वापसी में लगेगा. अक्टूबर में भी यहाँ बहुत तपता है.”

जवानाने कांदा होता तिथे ठेवून दिला. मग यांची हातातली पिशवी उघडली, आणि ओट्यावर राहिली असं मी समजत होते ती मिरचीच्या लोणच्याची बाटली बाहेर काढून टेबलावर उभी केली.