शोध समिती

तरुण संघाचं सचिवपद माझ्याकडे आलं, कारण निवडीच्या सभेला मी गैरहजर होतो. मावळत्या सचिवाने चर्चच्या पायरीवरच कारभार सोपवला: इतिवृत्ताची वही, दाराची किल्ली, जुनी ढोलकी आणि चहावाल्याची 140 रुपयांची उधारी. वहीत वर्षभर एकच ठराव होता: ‘पुढील सभेत निर्णय घ्यावा.’

शिस्त लावायचीच, असं मी ठरवलं. आमच्या नगरला 1831 साली ज्या पंथाचे अमेरिकन मिशनरी आले, त्याच पंथाचे एक पाळक, फ्रान्सिस क्लार्क, यांनी 2 फेब्रुवारी 1881 रोजी तिकडे पोर्टलंडला तरुणांचा ‘ख्रिस्ती एन्डेव्हर’ संघ काढला. त्यांची नियमावली वाचून मी भारावलो. प्रत्येकाने प्रतिज्ञा घ्यायची, महिन्यातून एकदा नाव पुकारून हजेरी आणि सलग तीन हजेऱ्या विनाकारण चुकल्या की नाव कमी. हे शेवटचं कलम आम्हाला लावलं असतं, तर संघात मी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरलो असतो. घड्याळही बंदच होतं.

तरी मी समित्या नेमल्या. अल्पोपाहार समितीसाठी अकरा हात वर झाले. प्रार्थना समितीसाठी एकही नाही, म्हणून तिथे पाळकसाहेबांच्या मुलीचं नाव परस्पर घातलं. उरली क्लार्कसाहेबांच्या धर्तीवरची शोध समिती. जो आला नाही, त्याच्या घरी जाऊन विचारपूस करायची. ती मी कधीच वेळेवर न येणाऱ्या दोघांच्या गळ्यात मारली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला हजेरी घेतली, तर शोध समितीच गैरहजर! दुसऱ्या दिवशी दोघांना गाठलं.

“सलाम दादा. एका गैरहजर पोराला शोधायला एमआयडीसीच्या गेटवर होतो. त्याची सेकंड शिफ्ट होती ना, सुटेपर्यंत थांबलो. मग त्याच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही.”

ही बातमी फुटली आणि शोध समितीत भरती सुरू झाली. महिन्याभराने वहीत मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘उपस्थित सहा. गैरहजर नऊ, पैकी सात जण इतरांना शोधायला गेले आहेत.’

नाताळ आला. घरोघरी गाणी म्हणण्याचं वेळापत्रक मी केलं: बावीस घरं, प्रत्येकी बारा मिनिटं. तिसऱ्याच घरी आजीबाईंनी बजावलं, “सगळी कडवी म्हणा. आणि करंज्या संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही.” पाचव्या घरी ढोलकीची पुडी फुटली. रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि माझं वेळापत्रक आठ वाजण्याच्या सुमारास रेंगाळत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी चार-पाच मोटरसायकली थांबल्या. शिफ्ट सुटलेली पोरं थेट गेटवरून आली होती, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. एकाने डब्याच्या झाकणावर केरवा धरला आणि गाणं पुन्हा उभं राहिलं. वहीतला प्रत्येकजण त्या गल्लीत हजर होता.

माझ्या तीन समित्यांपैकी एकीनेही आजवर विचारलं नव्हतं, की संध्याकाळी पाचची वेळ ठरवली कुणी? मीच ठरवली होती; मला सोयीची म्हणून.

जानेवारीपासून सभा सकाळी उपासनेनंतर भरते. शोध समिती बरखास्त केली. चहावाल्याची उधारी 310 रुपये झाली आहे.