मेट्रोतून दिसणारा डोंगर

घाटकोपरजवळची असल्फाच्या टेकडीवरची वस्ती २०१७ च्या अखेरीस रंगली. ‘चल रंग दे’ या उपक्रमाच्या शेकडो स्वयंसेवकांनी दोन शनिवार-रविवारांत पावणेदोनशेच्या आसपास भिंती निळ्या-पिवळ्या केल्या. लगेच ती, इटलीतल्या रंगीत डोंगरी गावावरून, ‘मुंबईचं पोझितानो’ झाली. पोझितानोला मात्र ‘इटलीचं असल्फा’ म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. मेट्रोच्या गार डब्यातून पाहणाऱ्यांचे डोळे निवले, हेही काही कमी नाही. याच घाटकोपरात जुलै २००० मध्ये आझाद नगर या उतारावरच्या वस्तीवर दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली होती. दरडीला रंगाची जाण नसते.

ब्रश धरणाऱ्या पोरांवर राग नाही; त्यांनी निदान गल्ल्या चढून पाहिल्या. पाहुण्यांची तर सेल्फीतच दमछाक झाली.

आम्ही बुलढाणेकर अजिंठ्याच्या रांगेवरच राहतो, तेव्हा ही रंगवण्याची लाट आज ना उद्या इथंही येणार. अडचण एवढीच, की आमच्याकडे मेट्रो नाही. राजूर घाट चढणाऱ्या एस.टी.तून दिसेल तेवढंच, तेही काच पुसलेली असली तर! तरी या बापहो, जरूर रंगवा. फक्त आधी उताराला संरक्षक भिंत बांधून द्या, मग तिच्यावर हवा तो मोर काढा.