बसा ना, उभे का?

निवृत्त माणसानं दोनच गोष्टी कराव्यात, असं आमच्या सोसायटीत मानतात. सकाळी फिरायला जावं आणि संध्याकाळी, सकाळी फिरायला न आलेल्यांबद्दल बोलावं. मी तिसरी गोष्ट करायला गेलो. शहराच्या कारभारात सहभागी व्हायला गेलो. त्याची ही कैफियत.

शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर महापालिकेची नोटीस येईल अशी भीती नाही. तिथून काहीच इतक्या लवकर येत नाही. पण राज्यात महापालिका 29 आहेत. नाव गाळलं की 29 ठिकाणच्या वाचकांना ‘हे आपलंच’ असं वाटतं. तो आनंद हिरावून कशाला घ्या?

सुरुवात झाकणापासून झाली. आमच्या फाटकासमोर फुटपाथवर ड्रेनेजचं चेंबर आहे. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं झाकण गेलं. उघड्या चेंबरची सूचना द्यायची आपल्याकडे एक परंपरागत पद्धत आहे : आत झाडाची फांदी खोचायची. आमच्या वॉचमननं शेजारच्या बंगल्यातल्या शेवग्याची छाटलेली फांदी आणून खोचली आणि नागरी सुरक्षेचं काम पाच मिनिटांत, विनानिविदा पार पडलं. पुढचं काम मी अंगावर घेतलं. अर्ज लिहिला आणि क्षेत्रीय कार्यालयात गेलो.

“बसा ना काका, उभे का?” लिपिक म्हणाला. मी बसलो. सव्वा तास बसलो.

ते दिवस प्रशासकांचे होते. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्यासकट बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि निवडणूक काही होईना. म्हणून आयुक्तच प्रशासक झाले. लोकशाहीत वेळ किती वाया जातो, हे तेव्हा कळलं. एरवी अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं, सोळा जणांच्या स्थायी समितीनं त्याच्यात आपापल्या गल्ल्या घुसवायच्या, मग मुख्य सभेत त्यावर रात्री उशिरापर्यंत भांडायचं. आता आयुक्तांनी आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडला, स्थायी समिती म्हणून त्याचा विचार केला आणि मुख्य सभा म्हणून तो मंजूर केला. मतभेद नाही, सभात्याग नाही, राजदंड पळवणं नाही. एकमत म्हणतात ते हेच : मत एकाचंच.

माझा अर्ज वाचून लिपिक म्हणाला, “काका, तक्रार कशाला करता? सहभागी व्हा.” आणि त्यानं एक फॉर्म पुढे केला. पुणे महापालिकेनं 2006 साली एक चांगली सोय सुरू केली : अंदाजपत्रकात नागरिकांनीच कामं सुचवायची, एका कामाला पाच लाखांपर्यंत. आमच्या शहरानं ती उचलली. चांगल्या गोष्टी उचलण्यात आमचं शहर मागे नाही, झाकण त्यातलंच.

मी लिहिलं. कामाचे नाव : चेंबरला झाकण बसविणे. अंदाजे खर्च : तीन हजार रुपये.

लिपिकाच्या चेहऱ्यावर कीव दाटून आली. “तीन हजार? काका, पाच लाखांची मर्यादा आहे.”

“मर्यादा आहे म्हणजे तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही ना?”

“तीन हजारात कुणाला रस असतो? बरं, बसा. साहेब येतील.”

साहेब फिरतीवर होते. आमच्या शहरातले साहेब इतके फिरतात, तरी त्यांना रस्त्यातला एकही खड्डा भेटत नाही, याचं मला नवल वाटतं.

निवृत्त माणूस कायदा वाचायला लागला की घरातली माणसं धास्तावतात. मी वाचायला लागलो. 74 वी घटनादुरुस्ती, 1 जून 1993 पासून लागू. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या पाहिजेत. आपल्या राज्यानं 2009 साली कायद्यात क्षेत्रसभाही घातली : खेड्यात जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. लोकांनी जमावं, कामं सुचवावीत, नगरसेवकानं ऐकावं. वाचून मला भरून आलं. मी तसाच कार्यालयात गेलो.

“आमची क्षेत्रसभा कधी असते?”

लिपिकानं पलीकडच्या टेबलाला विचारलं. पलीकडच्यानं कपाटाला विचारल्यासारखं कपाटाकडे बघितलं. “सभेचं मंडप परवान्याचं खिडकी नंबर चारला असतं,” उत्तर आलं. “पण काका, सभा कसली घेताय? उभे राहताय का?”

हा प्रश्न पुढं वर्षभर माझ्या मागे लागला. चेंबरचा फोटो काढताना दिसलो की दूधवाला विचारी, “काका, उभे राहताय?” मंडळाच्या पोरांनी वर्गणी नेहमीच्या दुप्पट मागितली, उभं राहणाऱ्या माणसाला तेवढी द्यावीच लागते म्हणे. एका इच्छुकाचा माणूस रात्री नऊला घरी आला. चहा घेतला, दोन तब्येतीच्या गोष्टी केल्या आणि मग हळूच म्हणाला, “काका, बसायचं काय घ्याल?”

तेव्हा मला आपल्या नगरशास्त्राचा पाया कळला. इथं नागरिकाला दोनच आसनं येतात. एक तर तो उभा असतो, नाही तर बसलेला. उभा असेल तर त्याला बसवायचं असतं. पण नुसताच दोन पायांवर चालत येऊन ‘झाकण कुठाय’ विचारणारा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दरम्यान फांदीला पालवी फुटली.

शेवगा तसा मानी नाही. फांदी खोचली की रुजतो. पण रुजायला माती लागते. आमच्या चेंबरमध्ये गाळच एवढा होता की मुळांची चांगली सोय झाली. त्याच पावसाळ्यात आमच्याकडची नालेसफाई शंभर टक्के पूर्ण झाल्याचं पेपरात आलं होतं. ते खरंच असणार. उरलेला गाळ बहुधा शंभराच्या वरचा.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेवगा माझ्या खांद्याला आला. तेव्हा कनिष्ठ अभियंता अखेर पाहणीला आले. त्यांनी चेंबरकडे बघितलं, मग वर बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला. “हे आमच्याकडे येत नाही,” ते म्हणाले. “हे झाड आहे.”

“साहेब, ते चेंबर आहे. झाड आत आहे.”

“तेच म्हणतोय. झाकण बसवायचं तर झाड काढावं लागेल. वृक्षतोडीचा कायदा 1975 चा आहे, काका. उद्यान विभागाकडे अर्ज करा. ते झाडावर नोटीस लावतील, लोकांच्या हरकती मागवतील. हरकत नाही आली तर पुढं बघू.”

मी उद्यान विभागात अर्ज दिला. नोटीस लागली, चक्क आठवड्यात लागली. आणि हरकत आली. आमच्याच सोसायटीतून आली, तिसऱ्या मजल्यावरून. शेवग्याला फुलं धरली होती आणि वहिनींना शेंगा हव्या होत्या.

मी तिसऱ्या मजल्यावर भांडायला गेलो. वहिनींनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “भाऊजी, गेल्या महापालिकेला तुम्ही मत कुणाला दिलं होतं?” मी आठवू लागलो. आठवलं ते असं की त्या दिवशी सुट्टी होती आणि आम्ही महाबळेश्वरला होतो. मी एकटाच नव्हे. मुंबईत 2017 साली सुमारे 55 टक्के मतदान झालं, तर विक्रम झाल्यासारखं कौतुक झालं होतं. राहिलेले 45 टक्के माझ्यासारखेच असावेत : झाकण गेल्यावर जागे होणारे. बाकी आमचा सहभाग दांडगा. दहीहंडीला आम्ही रस्ता अडवतो, गणपतीत वर्गणी देतो, दिवाळी पहाटेला पुढच्या रांगेत शाल पांघरून बसतो, इच्छुकांच्या खर्चानं उज्जैनला जाऊन येतो आणि फुकट चष्मा डोळ्यांना लावून बघतो. सगळं बघतो. अंदाजपत्रक तेवढं बघत नाही.

2025 च्या नवरात्रात निवडणुकीचा वारा सुटला. आमच्या प्रभागात चार जागा : अ, ब, क आणि ड. मुंबईकराला एक वॉर्ड आणि एक नगरसेवक. आम्हा बाकीच्यांचा प्रभाग म्हणजे सामाईक विहीर, पाणी चौघांचं आणि गाळ कुणाचाच नाही. चार जागांसाठी अकरा इच्छुक चौकातल्या फ्लेक्सवर एकाच वेळी हात जोडून उभे राहिले. इतके हात जोडलेले की काम करायला एकही मोकळा दिसेना. त्यातल्या चौघांनी मिळून मैदानावर ‘खेळ पैठणीचा’ ठेवला. फ्लेक्सवर खाली बारीक अक्षरात होतं : नागरिकांशी थेट संवाद.

संवाद म्हटल्यावर मी गेलो. सौ. पैठणीसाठी आल्या. दोन तास संगीत खुर्ची चालली. संवादाची जागा दिसेना म्हणून मी हात वर केला. निवेदक माइकवरून ओरडला, “काका, स्पर्धा फक्त महिलांसाठी आहे! बसा, बसा!” हजार बायका हसल्या. मी बसलो. मग उखाण्यांची फेरी आली, आणि आमच्या सौं.नी माइक हातात घेतला.

“चेंबरला नाही झाकण, खांबाला नाही दिवा,
…रावांच्या अर्जाला आता जावक क्रमांक हवा!”

असा टाळ्यांचा कडकडाट त्या मैदानानं कधी ऐकला नसेल. व्यासपीठावरचे चौघेही टाळ्या वाजवत होते. चेंबर आपल्या नावावर आहे हे चौघांनाही ठाऊक नव्हतं. रात्रीपर्यंत तो उखाणा प्रभागातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. पैठणी दुसऱ्या कुणाला गेली, सौं.ना पोहे ठेवायचा डबा मिळाला, झाकणासकट. झाकणावर चौघांचे फोटो. “अहो,” त्या म्हणाल्या, “तुमच्या चौदा अर्जांना जे जमलं नाही ते बघा. झाकण आलं की नाही?”

चौथ्या दिवशी सकाळी फाटकासमोर टेम्पो उभा. गडी काम करत होते. मी चप्पल न घालता धावलो. चेंबरवर, शेवग्याला टेकून, त्यांनी सिमेंटचं बाकडं बसवलं होतं. पाठीवर लाल अक्षरात : ‘संकल्पना’ आणि खाली चौघांची नावं. आपल्याकडे बाकड्याला कवितेसारखी संकल्पना लागते.

“अरे, झाकण कुठंय?” मी विचारलं.

मुकादमानं माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. “काका, झाकण असलं तरी चालणारा माणूस पडू शकतो. बसलेला माणूस पडत नाही.”

मी त्या वाक्यावर अजून विचार करतोय. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण महापालिका, नगरपालिका चालवतोय आणि तिचं सारं तत्त्वज्ञान एका मुकादमानं दहा-बारा शब्दांत सांगितलं. याच कारभारातली एक जुनी गोष्ट : व्हाइसरॉय लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेनं हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. सगळे सभासद ठरावाच्या बाजूनं. विरोधात एकटे जोतीराव फुले. पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. आज ते आमच्या प्रभागात असते तर त्यांनाही कुणीतरी प्रेमानं खुर्ची सरकवली असती. आणि हजार रुपयांत आता स्वागत कमानीचा एक बांबूसुद्धा उभा राहत नाही.

डिसेंबरात आचारसंहिता लागली आणि कर्मचारी येऊन बाकड्यावरच्या नावांवर कागद डकवून गेले. इतके दिवस मी मागत होतो ते झाकण महापालिकेकडे होतं तर. फक्त ते नावांसाठी होतं. 15 जानेवारीला मतदान झालं. या खेपेला मी महाबळेश्वरला गेलो नाही. चार बटणं दाबली. चौघांपैकी दोघे निवडून आले, दोघे पडले. कागद निघाले. पडलेल्यांची नावं कुणीतरी पटाशीनं खरवडली. आता बाकड्यावर ‘संकल्पना’ आहे, दोन नावं आहेत आणि दोन खड्डे आहेत. प्रभागाचा इतका प्रामाणिक नकाशा मी दुसरा पाहिलेला नाही.

नव्या नगरसेवकांना भेटलो. ‘अ’ म्हणाले, ड्रेनेज ‘क’ बघतात. ‘क’ म्हणाल्या, फुटपाथ ‘ब’ कडे. ‘ब’ म्हणाले, बाकडं बसवलंय की. ‘ड’ भेटले नाहीत. पण त्यांचे कार्यकर्ते गेल्या रविवारी शेंगा काढून नेताना दिसले.

संध्याकाळी मी त्या बाकड्यावर बसतो. खोटं कशाला बोलू, छान वाटतं. सावली आहे. खालून थोडा वास येतो, पण वाऱ्याची दिशा बदलली की तोही जातो. येणारे-जाणारे मान डोलावतात. आता कुणी ‘उभे राहताय का’ म्हणून विचारत नाही. बसलेल्या माणसाबद्दल शहराला एक विश्वास वाटतो.

तरी सवय जात नाही. यंदाचे फॉर्म सुटले तसा गेलोच. कामाचे नाव लिहिलं : बाकडे उचलून त्याखालील चेंबरला झाकण बसविणे व बाकडे पूर्ववत ठेवणे. अंदाजे खर्चाच्या रकान्यापाशी पेन जरा थबकलं. मग लिहिलं : पाच लाख.

फॉर्म वाचता वाचता लिपिक खुर्चीतून उठला. दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच उभा पाहिला. आपली खुर्ची फडक्यानं पुसून त्यानं माझ्याकडे सरकवली.

“बसा ना काका,” तो म्हणाला. “साहेब आतच आहेत.”