घ्या हो, अजून एक गाजर!

ससा आणायचं ठरलं की घरात आधी गाजर येतं. मग पिंजरा, मग गळ्यातला बो, मग रील. गवत येतच नाही. गवत हे कुणाचं जेवण असू शकतं, हे आमच्या सुशिक्षित वर्गाला पटत नाही. ते सोसायटीच्या माळ्याने कापायचं आणि कचऱ्यात टाकायचं.

सशाने गाजरच खावं, हे कुणी ठरवलं विचारू नका. तो गोष्टीच्या पुस्तकात खातो, कार्टूनमध्ये खातो, म्हणून टू-बीएचकेतही त्याने खाल्लंच पाहिजे. १०० ग्रॅम गाजरात साधारण ५ ग्रॅम साखर असते. २ किलोच्या सशापुढे १०० ग्रॅमचं गाजर ठेवणं म्हणजे ६० किलोच्या बाबांपुढे ३ किलो गाजरं ठेवणं. बाबांनी एकदा संपवून दाखवावीत. तेही रोज सकाळी, नाश्त्याआधी, आणि सगळं घर "अय्या, कसा खातोय बघ" म्हणत मोबाइल रोखून उभं असताना. सशाच्या ताटात गाजराची लायकी एवढीच, की बोटाच्या पेराएवढा तुकडा, अधूनमधून, लाडाने. पण आमच्याकडे लाड किलोवर मोजतात.

खरं तर एवढ्या स्वस्तातला पाहुणा दुसरा मिळणार नाही. त्याच्या खाण्यात ८० टक्क्यांहून जास्त गवत हवं, सुकं किंवा ताजं. दिवसाला त्याच्या अंगाएवढा ढीग. दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावून. आतडी चालती राहतात तीही गवताच्या चोथ्यावर. वर थोडी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. लसूणघास पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला रोज घातला तर त्यातलं जादा कॅल्शियम लघवीत उतरतं आणि खडे होण्याची भीती. बाकी हरळी उत्तम. म्हणजे दूर्वा. म्हणजे देवळाबाहेर जुडी बांधून विकतात त्या, फक्त त्यांवर औषध फवारलेलं नसावं. पण ज्या घरात गणपतीला न चुकता २१ दूर्वा वाहिल्या जातात, त्याच घरात सशापुढे मोदकाचा तुकडा येतो. देवाला गवत आणि सशाला नैवेद्य!

मग एके पहाटे आजींना दिसतं, की ससा मान खाली घालून स्वतःच्याच लेंड्या खातोय. घरात हलकल्लोळ. सोवळंओवळं पिंजऱ्यापर्यंत पोचतं. वास्तविक सशाच्या लेंड्या दोन जातीच्या. एक कोरड्या, गोल, दिवसभर पडणाऱ्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, इवल्या द्राक्षांच्या घोसासारख्या. त्या आतड्याच्या मोठ्या पिशवीत आंबून तयार होतात. त्यांत प्रथिनं असतात, ब जीवनसत्त्वं असतात, आणि ससा त्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन गिळतो. ही त्याची दुसरी पंगत, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. या मऊ लेंड्या पिंजऱ्यात तशाच पडून राहू लागल्या, तर बहुतेक वेळा गोडधोड जास्त झालेलं असतं. पण घरचं निदान वेगळं: "पाला बाधला." पाला बंद होतो. गाजर चालू राहतं. ते बिचारं निरुपद्रवी!

यानंतरचा अंक मला पाठ आहे. ससा खाणं सोडतो. नवं घर, नवे आवाज, उचलून घेणारे हात, आणि जुनं खाणं एका दिवसात बदललेलं. ते खरं तर आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू बदलायचं असतं. आतडी मंदावतात, पोटात गॅस धरतो, ससा कोपऱ्यात अंग आखडून दात करकरत बसतो. दहा-बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, म्हणजे रात्र असो की रविवार, सशाचं कळणारा पशुवैद्य गाठायचा. आम्ही काय गाठतो? हिंगाचा डबा. बेंबी सापडत नाही म्हणून अंदाजाने हिंग लावतो. ग्राइप वॉटर पाजतो. शेजारचे काका एरंडेल सुचवतात. कुणीतरी घरातल्या धाकट्या चिंटूचं उरलेलं गुलाबी सिरप काढतं. ते अमॉक्सिसिलिन असतं, आणि तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून विषारी जंतूंना रान मोकळं करतं. त्याने ससा मरतो. औषध सशाचं नाही, डोस सशाचा नाही, डॉक्टर कुणीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर "आमचं बाळ देवाघरी गेलं", खाली चाळीस जोडलेले हात. देवाघरी गेलं नाही हो. तुम्ही पाठवलंत. आणि आठवड्याभरात नवा ससा आणाल, कारण चिंटू रडतोय.

या खाऊ घालण्याच्या आग्रहाचा मला जुना राग आहे. नको म्हणणाऱ्याने पानावर आडवा धरलेला हात, आणि त्याच्या बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडणारा वाढपी, याला आपण माया म्हणतो. पोट भरलं असं माणसाने सांगितलं तरी आपण ऐकत नाही, तिथे सशाचं कोण ऐकणार? त्याला हात आडवा धरता येत नाही, दुखलं तर सहसा ओरडत नाही, आणि शरीराची रचनाच अशी, की त्याला उलटीही करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं, नाहीतर संपलं.

तेव्हा सशापुढे गवत टाका, पाणी ठेवा आणि कृपा करून बाजूला व्हा. वाढण्याची फारच हौस असेल तर जावयाला जेवायला बोलवा. त्याला निदान उलटी तरी करता येते.