ऊनखाऊ

न्यू जर्सीतल्या मराठी माणसांत हीट लावणारे आणि हीट न लावणारे असे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथातली माणसं ऑक्टोबर उजाडला की थर्मोस्टॅटला हात घालतात आणि घरात उबेला बसतात. ती सुखी असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या पंथातले लोक ‘अजून कुठे थंडी आहे?’ असं म्हणत घरातल्या घरात दोन स्वेटर आणि कानटोपी घालून वावरतात आणि भेटेल त्याला विचारतात, ‘‘काय, लावलीत का हीट?’’ समोरचा ओशाळून ‘हो’ म्हणाला की यांना मुलगा बोर्डात आल्याचा आनंद होतो.

या दुसऱ्या पंथाचे मठाधिपती म्हणजे काका. नाव सांगत नाही, कारण गरज नाही. असे काका एडिसनला आहेत, पिस्कॅटवेला आहेत, साउथ ब्रन्सविकला तर गल्लीगणिक आहेत. ऐंशीच्या दशकात दोन बॅगा घेऊन आले, टेलिफोनच्या नाहीतर औषधांच्या कंपनीत हयात घालवली, घराचं कर्ज मुदतीआधी फेडलं आणि आता निवृत्त होऊन मागच्या डेकवर बसलेले असतात. आमचे काका मूळचे साताऱ्याचे. एरवी अत्यंत सज्जन. पण नोव्हेंबरच्या आगेमागे चार दिवस अवचित ऊन पडलं की ते त्यांच्या अंगात येतं.

हे ऊन पडतं कसं, हे काका कुणालाही, न विचारता, सांगतात. आधी थंडीची एक लाट येऊन जाते. गवतावर सकाळी पांढरा थर दिसतो, टोमॅटोची रोपं एका रात्रीत काळी पडतात. मग अटलांटिकच्या बाजूला उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो आणि त्याच्या कडेने नैऋत्येची उबदार हवा पार मेक्सिकोच्या आखाताकडून वर चढते. आकाश निळं, वारा पडलेला, दुपारी पारा सत्तर-पंचाहत्तर फॅरनहाइट. अमेरिकन लोक याला ‘इंडियन समर’ म्हणतात. त्यात काकांची एक कडक अट आहे. आधी फ्रॉस्ट, म्हणजे तो पांढरा थर, पडून गेला पाहिजे. फ्रॉस्ट न पडता ऊन आलं तर तो नुसता लांबलेला उन्हाळा. त्याचं कौतुक करायचं नाही. अमेरिकेच्या हवामानशास्त्रज्ञांच्या कोशातही साधारण अशीच अट आहे, पण काका ती मुंजीच्या मुहूर्तासारखी पाळतात. एकदा शेजारचा गोरा आजोबा कुंपणावरून मोठ्या प्रेमाने म्हणाला, काय सुंदर इंडियन समर आहे! काकांनी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. तेव्हापासून तो लांबूनच हात हलवतो.

अट पुरी झाली की मात्र काका मोकळे. सकाळी आधी फोनवर तीन-तीन ॲप बघतात, मग तिघांवरही विश्वास नसल्यामुळे बनियनवर डेकवर जाऊन स्वतः खात्री करतात. तिथून फोन सुरू. ‘‘बाहेर बघितलंत का? अहो, खिडकीतून काय बघताय, बाहेर या!’’ माणूस ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे, कुणाच्या दाताचं रूट कॅनाल चाललंय, याचं त्यांना सोयरसुतक नसतं. त्यांच्या मते अशा दिवशी घरात बसणं हा पैशांचा अपव्यय आहे. सूर्यप्रकाशाची किंमत ते नैसर्गिक वायूच्या बिलात मोजतात.

इथेच काकांचं खरं मर्म आहे. आनंद घ्यायचा म्हणजे खुर्चीत पाय पसरून पडायचं, हे अमेरिकन लोकांना जमतं. आपल्या माणसाला फुकट मिळालेली वस्तू नुसती उपभोगता येत नाही, ती वापरावी लागते. लग्नात मिळालेली भांडी माळ्यावर ठेवता येतात, ऊन ठेवता येत नाही. म्हणून ते आलं की काका त्याला कामाला लावतात.

सगळ्यात आधी गाद्या, उशा आणि रजया डेकच्या कठड्यावर येतात. मग सुटकेस उघडून लोकरीचे कपडे, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. मग तांदळाची पोती, तूरडाळ, शेंगदाणे, एकदा तर पासपोर्टसुद्धा. तासाभरात डेकचा वाडा होतो. एक वर्ष काकांनी झाडाला दोरी बांधून धोतर वाळत घातलं. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी वसाहतीच्या संस्थेला अंगणात वाळणारे कपडे खपत नाहीत. घरांच्या किमती पडतात म्हणे. संस्थेचं पत्र आलं. काकांनी उत्तर पाठवलं की हे कपडे नसून धार्मिक वस्त्र आहे. पुढे पत्रव्यवहार बंद झाला. धोतर खरं म्हणजे काकांच्या मुंजीनंतर कुणी नेसलेलं नव्हतं, पण ते वाळलं छान.

काकूंना या सगळ्याचा उबग आहे. त्या ते बोलून दाखवत नाहीत, फक्त मोजकं विचारतात. ‘‘अहो, आत आणणार कोण?’’

कढीपत्त्याची कुंडी हा काकांचा स्वतंत्र विषय. लिंबाच्या जातीच्या झाडांवरच्या किडीच्या धास्तीने परदेशातून ताजा कढीपत्ता आणायला अमेरिकेत मज्जाव आहे, त्यामुळे इथे घरचं झाड म्हणजे घरची इस्टेट. काकांचं झाड खांद्याएवढं आहे आणि त्याला चाकांची पाटी आहे. पारा पन्नासच्या खाली गेला की झाड तळघरात जातं, जांभळ्या दिव्याखाली. ऊन पडलं की सकाळी नवाला बाहेर, संध्याकाळी साडेचारला आत. तळघराला आठ पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर चाकांचा काही उपयोग होत नाही. मग काका खालून कुंडी धरतात, काकू वरून फांद्या सांभाळतात आणि दोघांचं ‘‘जरा डावीकडे’’, ‘‘तुमच्या डावीकडे की माझ्या?’’ असं चालतं. इतक्या यातायातीत दरवेळी दोन-चार डहाळ्या मोडतात. त्यांची फोडणी करून काकू म्हणतात, ‘‘ऊन लागलेला दिसतोय.’’

याच दिवसांत डेकवर लँटर्नफ्लाय नावाचा किडाही ऊन खायला येतो. राखाडी पंखांवर काळे ठिपके, आतून लालभडक, दिसायला देखणा आणि झाडांचा रस शोषणारा. २०१४ साली शेजारच्या पेनसिल्वेनियात तो पहिल्यांदा सापडला, चार वर्षांनी न्यू जर्सीत शिरला, आणि सरकारनेच नागरिकांना सांगितलं की दिसेल तिथे चिरडा. थंडीने तो मरतो. ऊब असली की शेवटचे काही रेंगाळतात. सरकारी आदेश इतक्या मनापासून पाळलेला मी दुसरा पाहिलेला नाही. काका यासाठी खास कोल्हापुरी चप्पल वापरतात. समोरून गेलं तर किडा उडी मारून निसटतो, असा त्यांचा अभ्यास आहे. म्हणून ते मागून जातात, चहाचा कप डाव्या हातात, चप्पल उजव्या. कप सांडत नाही. त्यांच्या एकूण आयुष्यातलं हे एकच कसब मला हेवा वाटावा असं आहे.

दुपारी साताऱ्याला व्हिडिओ कॉल. तिथे रात्र झालेली असते, पंखा गरगरत असतो आणि धाकटे भाऊ बनियनवर बसून ऑक्टोबर हीटच्या नावाने खडे फोडत असतात. काका हाफ पँटवर. ‘‘काय गरम होतंय रे इकडे!’’ किती डिग्री आहे, असं भाऊ विचारतात. काका म्हणतात, ‘‘बहात्तर!’’ काकांना फॅरनहाइट प्रिय आहे, कारण आकडा मोठा दिसतो. पण भाऊ निवृत्त शिक्षक आहेत. ते बत्तीस वजा करतात, पाचाने गुणतात, नवाने भागतात आणि सांगतात, ‘‘दादा, हे बावीस झाले. बावीसला आम्ही आईला शाल पांघरतो.’’ मग कॉल खराब होतो. दरवर्षी याच वाक्याला कॉल कसा खराब होतो, हे टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही.

काकांची सून डॉक्टर आहे. काका पाठ उघडी टाकून उन्हाकडे करून बसले की तिला राहवत नाही. ‘‘बाबा, काय करताय?’’ ‘‘व्हिटॅमिन डी.’’ मग ती शांतपणे समजावते की या अक्षांशावर नोव्हेंबरचं ऊन फार तिरपं असतं. ज्या किरणांनी त्वचेत डी तयार होतं, ते हवेतच गळून जातात. १९८८ साली बॉस्टनला यावर अभ्यास झाला होता आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथल्या उन्हात डी जवळजवळ तयारच होत नाही, असं आढळलं होतं. त्यापेक्षा गोळी घ्या. काका क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘बॉस्टन आपल्या उत्तरेला आहे.’’ सुनेने गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. काकांनी ती कुपन लावून आणली होती का, तेवढं विचारलं.

तिरपं ऊन त्यांना खऱ्या अर्थाने नडलं ते सांडग्यांच्या वेळी. हॅलोवीन उलटलं की दुकानांच्या बाहेर भोपळ्यांचे ढीग पडून राहतात आणि पडेल त्या किमतीला जातात. काकांनी पाच आणले. मुलांनी डोळे-नाक कोरायचा तो भोपळा. आत दोऱ्याच दोऱ्या, चव पाण्याची. काकूंनी एकाचे घारगे करून बघितले, एक तुकडा तोंडात टाकला आणि उरलेले चार भोपळे काकांच्या स्वाधीन केले. काकांनी ते किसले, डाळ वाटून घातली, मिरची घातली आणि जुन्या चादरीवर डेकभर सांडगे घातले. चैत्रात साताऱ्याच्या गच्चीवर दोन दिवसांत सांडगा खडखडीत होतो. इथे दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून पुरता पस्तीस अंश वर येत नाही, तीनला शेजारच्या ओकची सावली डेकवर चढते. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की पाचच्या आत सूर्यास्त. सांडगे तिसऱ्या दिवशीही घालताना होते तसेच ओले होते. चौथ्या दिवशी खारींनी प्रश्न सोडवला. त्यांतल्या एकीने मिरचीचा घास लागून जे केलं, ते बघायला आम्ही चार घरची माणसं जमलो होतो. उन्हाचा सामुदायिक आनंद म्हणतात तो त्या वर्षी तेवढाच.

२०२४ साली मात्र काकांची पंचाईत झाली. ऑक्टोबरभर पाऊस म्हणून नाही. नोंदी ठेवायला लागल्यापासून न्यू जर्सीतला तो सर्वांत कोरडा महिना ठरला. लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले आणि त्या दुपारी पारा ऐंशीच्या घरात. काका अर्ध्या बाह्यांच्या झब्ब्यात दारात उभे, मागे आकाशकंदील, समोर घामाघूम झालेले छोटे सांगाडे आणि चेटकिणी. काकांनी त्यांना एकेक चॉकलेट आणि एकेक चकली दिली. सांगाड्यांना चकली आवडली. पण पुढच्या आठवड्यात राज्याच्या उत्तरेला जंगलं पेटली, हवेत धुराचा वास आला आणि रानालगतच्या भागात कोळशाच्या शेगड्यांवर बंदी आली. काका दरवर्षी या उन्हात डेकवर निखाऱ्यांवर वांगी भाजतात. काकांचं घर काही रानात नाही, पण त्या वर्षी त्यांनी आपण होऊन वांगी आतल्या गॅसवर भाजली. भरीत बेचव झालं. नात तेव्हा पाचवीत होती. तिने हवामान बदलावर शाळेतलं सगळं म्हणून दाखवलं. काकांनी मधे एकदाही दुरुस्ती केली नाही. नंतर मला म्हणाले, ‘‘फ्रॉस्ट पडलाच नव्हता. तो मोजायचा नाही.’’ इतक्या कमी शब्दांत काळजी व्यक्त करणारा माणूस मी सातारकरांतच पाहिला आहे.

आता तुमच्यासाठी एक सूचना. मध्य जर्सीत राहत असाल आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन वाजून ‘‘बाहेर बघितलंत का?’’ असा आवाज आला, तर कामाचं निमित्त सांगू नका, जा. चहा उत्तम असतो, आल्याचा. बसायला खुर्ची मिळणार नाही, तिच्यावर उशा वाळत असतात. कुंडी उचलायची वेळ आली तर वरची बाजू धरा. आणि स्वेटर गाडीत असू द्या, कारण पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि काकांकडे हीट लावलेली नसते.